ग्रहण सांगता येत होते, धूमकेतू सांगता येत नव्हता: बॅबिलोनच्या आकाशनिरीक्षकांचे गणित

आजच्या इराकमध्ये युफ्रेटिस नदीच्या काठी वसलेल्या बॅबिलोन नगरात आकाशाची रोजनिशी लिहिण्याची प्रथा होती. ओल्या मातीच्या लहानशा पाटीवर टोकदार बोरूने कीलाकार लिपीत मजकूर उमटवायचा आणि पाटी वाळवून जपून ठेवायची, ही त्यांची पद्धत होती. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी रोजनिशी इ.स.पू. ६५२ मधील आहे आणि शेवटच्या पाट्यांपैकी एक इ.स.पू. ६१ मधील आहे. म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षे, राजवटी बदलल्या तरी, हे काम चालू राहिले. आज यांतील बहुतेक पाट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. चंद्र आज कोणत्या ताऱ्याजवळ होता, शुक्र पहाटे पहिल्यांदा कधी दिसला, गुरू वक्री कधी झाला, रात्री ढग होते का, नदीचे पाणी किती चढले, आणि बाजारात एका शेकेल (वजनाचे एक जुने माप) चांदीला किती जव, किती खजूर, किती तीळ आणि किती लोकर मिळत होती, एवढे सगळे त्यांत एका ओळीत लिहिलेले आढळते.

या नोंदींच्या बळावर त्या लोकांना आकाशातील कोणत्या गोष्टी आधी सांगता येत होत्या आणि कोणत्या येत नव्हत्या, हे समजून घेण्यासारखे आहे. प्राचीन लोकांकडे आता हरवलेले एखादे गूढ ज्ञान होते, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ पसरलेली आहे. मला ती त्या लोकांवर अन्याय करणारी वाटते, कारण त्यांचे खरे कर्तृत्व तिच्यामागे झाकले जाते. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो म्हणून ग्रहण होते, असे स्पष्टीकरण त्यांच्या गणिताच्या पाट्यांत कोठेही नाही; ग्रहांच्या कक्षांची आकृती नाही, की कारणांची चर्चा नाही. तरीही त्यांनी वर्तवलेली ग्रहणे होत असत. पाहणे, लिहून ठेवणे आणि आजोबांच्या काळचे लिखाण नातवाने उघडून वाचणे, एवढ्यावर हे साधलेले होते.

युक्ती समजायला सोपी आहे. गावात आठवडी बाजार दर ७ दिवसांनी भरत असेल आणि नळाला पाणी दर ५ दिवसांनी येत असेल, तर बाजार आणि पाणी एकाच दिवशी येण्याचा योग दर ३५ दिवसांनी जुळतो. पाणी कोठून येते हे ठाऊक नसलेला माणूससुद्धा पुढचा योग अचूक सांगू शकतो. आकाशात अडचण एवढीच आहे की तिथले आकडे पूर्ण नाहीत. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस लागतात, आणि एका वसंतसंपातापासून, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होण्याच्या क्षणापासून, दुसऱ्यापर्यंत ३६५.२४२२ दिवस. असे दोन काळ कधीच तंतोतंत जुळत नाहीत, मात्र बऱ्याच वर्षांनी जवळजवळ जुळतात. ही ‘जवळजवळ’ची जागा शोधून काढणे हेच त्या काळच्या निरीक्षकाचे काम होते.

पहिला प्रश्न दिनदर्शिकेचा होता. १२ चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी, म्हणून अधूनमधून अधिकमास धरावा लागतो. इ.स.पू. अठराव्या शतकात बॅबिलोनचा हम्मुराबी राजा अधिकमास धरण्याची आज्ञा पत्राने पाठवीत असे. ऋतू मागे पडलेले दिसले की महिना वाढवायचा, असा तो व्यवहार होता. पुढे १९ वर्षांचे चक्र सापडले. १९ सौर वर्षांचे ६९३९.६० दिवस होतात आणि २३५ चांद्रमासांचे ६९३९.६९, फरक अवघा दोन तासांचा. त्यामुळे १९ वर्षांत ७ अधिकमास धरले की हिशेब मिटतो, आणि इ.स.पू. पाचव्या शतकापासून बॅबिलोनमध्ये हा नियम स्थिर झालेला दिसतो. राजाज्ञेची गरज त्यानंतर उरली नाही. आपल्या पंचांगात अधिकमास ठरवण्याची रीत वेगळी आहे, पण आकाश तेच असल्यामुळे हे चक्र तेथेही दिसते: २००४ साली अधिक श्रावण होता आणि १९ वर्षांनी, २०२३ साली, पुन्हा अधिक श्रावणच आला.

शुक्राचे चक्र त्याहून आधी लक्षात आलेले असावे, कारण ते माणसाच्या आयुष्यात अनेकदा फिरून येते. इ.स.पू. सतराव्या शतकातील अम्मीसादुका या राजाच्या काळी शुक्राचा उदय आणि अस्त सुमारे २१ वर्षे नोंदवला गेला, आणि त्याच्या नकला असिरिया या बॅबिलोनच्या उत्तरेकडील राज्याच्या राजधानीतील, निनेव्हे येथील, हजार वर्षांनंतरच्या ग्रंथसंग्रहात सापडल्या. शुक्राचे दर्शन आणि लोप यांची एक फेरी ५८४ दिवसांची असते. अशा पाच फेऱ्या आठ वर्षांत बसतात, आणि शिल्लक राहते ती दोन-अडीच दिवसांची. १५ ऑगस्ट २०१५ रोजी शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून गेला; पुढे आठ वर्षांनी तोच योग १३ ऑगस्ट २०२३ रोजी आला. ही दोन दिवसांची घसरणही बॅबिलोनच्या गणितज्ञांनी हिशेबात धरली होती. अटलांटिकपलीकडे माया लोकांनी स्वतंत्रपणे याच पाच फेऱ्यांचे आणि आठ वर्षांचे कोष्टक मांडले, आणि ड्रेस्डेन येथे जपलेल्या त्यांच्या पोथीत ते आजही पाहता येते.

इतर ग्रहांसाठी चक्रे लांब आहेत. बुधासाठी ४६ वर्षे, शनीसाठी ५९, मंगळासाठी ४७ आणि ७९, गुरूसाठी ७१ आणि ८३. सिंहस्थ १२ वर्षांनी येतो असे आपण म्हणतो, परंतु गुरूची राशिचक्रातील फेरी ११.८६ वर्षांत पुरी होते, त्यामुळे १२ वर्षांनंतर तो थोडा पुढे गेलेला असतो. ८३ वर्षांत मात्र त्याच्या बरोबर ७ फेऱ्या होतात. बॅबिलोनच्या निरीक्षकांनी हे आकडे फार सुंदर रीतीने वापरले. येत्या वर्षासाठी पाटी तयार करताना ते गुरूसाठी ७१ आणि ८३ वर्षांपूर्वीची, शुक्रासाठी ८ वर्षांपूर्वीची, शनीसाठी ५९ वर्षांपूर्वीची आणि चंद्रासाठी १८ वर्षांपूर्वीची रोजनिशी काढत, आणि त्या त्या वर्षीचे उदय, अस्त, वक्री, मार्गी एका पाटीवर उतरवून घेत. त्यांत दिवसांची ठरलेली दुरुस्ती केली की पुढच्या वर्षाचे ग्रहमान तयार होई. गणित जवळजवळ नाहीच. सारा भार जुन्या दप्तरावर. गुरूची ८३ वर्षांपूर्वीची नोंद करणारा माणूस तिचा उपयोग पाहायला जिवंत राहणार नव्हता, हे त्यालाही माहीत असले पाहिजे.

आता ग्रहण, कारण राजाला काळजी होती ती त्याचीच.

चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते, पण प्रत्येक पौर्णिमेला होत नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी सुमारे ५ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. हे दोन मार्ग एकमेकांना छेदतात त्या दोन बिंदूंना आपले ज्योतिर्गणित राहू आणि केतू म्हणते. पौर्णिमा यांपैकी एका बिंदूजवळ घडली तरच ग्रहणाचा संभव. म्हणून एका संभवानंतर पुढचा बहुधा सहा महिन्यांनी येतो, क्वचित पाच महिन्यांनी. एवढे कळले की वर्षातील बहुतेक पौर्णिमा निर्धोक ठरतात, आणि निनेव्हेच्या राजाला त्याचे ज्योतिषी ‘या महिन्यात ग्रहण होणार नाही’ असे पत्राने कळवीत ते याच आधारावर.

पुढची पायरी अठरा वर्षांची. २२३ चांद्रमासांचे ६५८५.३२ दिवस होतात. राहूपासून निघून पुन्हा राहूपर्यंत येण्याच्या चंद्राच्या २४२ फेऱ्यांना ६५८५.३६ दिवस लागतात. शिवाय चंद्र कधी पृथ्वीच्या जवळ असतो आणि कधी दूर. जवळच्या बिंदूपासून पुन्हा जवळच्या बिंदूपर्यंतच्या २३९ फेऱ्या ६५८५.५४ दिवसांत होतात. तीन स्वतंत्र गती एकाच वेळी मूळ जागी परततात, हा निसर्गातील निव्वळ योगायोग आहे. परिणाम असा की एका ग्रहणानंतर १८ वर्षे, १० किंवा ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी अगदी तसेच ग्रहण पुन्हा होते. यालाच आज सॅरोस चक्र म्हणतात. बॅबिलोनच्या लोकांनी त्या २२३ महिन्यांत चंद्रग्रहणाचे ३८ संभव असतात हेही ठरवले होते, ३३ सहा महिन्यांच्या अंतराने आणि ५ पाच महिन्यांच्या अंतराने, आणि जुनी ग्रहणे या चौकटीच्या रकान्यांत भरून ठेवली होती.

वरच्या हिशेबातील ८ तास विसरून चालणार नाही. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फेरी मारते, म्हणून अठरा वर्षांनंतरचे ग्रहण तेच असले तरी आपल्या डोक्यावर असेलच असे नाही. ६ ऑगस्ट १९७१ च्या मध्यरात्रीनंतर, आपल्या घड्याळाप्रमाणे सव्वाच्या सुमारास, खग्रास चंद्रग्रहणाचा मध्य होता आणि ते महाराष्ट्रातून दिसण्यासारखे होते. त्याच मालिकेतील पुढचे ग्रहण १७ ऑगस्ट १९८९ रोजी सकाळी साडेआठनंतर मध्यावर आले, तेव्हा आपल्याकडे चंद्र मावळलेला होता. त्यापुढचे २८ ऑगस्ट २००७ रोजी दुपारी चारच्या सुमारास झाले, तेव्हा चंद्र उगवायचा होता. चौथे ७ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री पावणेबाराच्या सुमारास पुन्हा आपल्या आकाशात आले. तीन चक्रे मिळून ५४ वर्षे आणि सुमारे एक महिना झाला की ग्रहण पुन्हा जवळपास त्याच प्रहरी येते. बॅबिलोनचा निरीक्षक हे ८ तास धरून ग्रहण दिवसा पडेल की रात्री, हेही सांगत असे. दिवसा पडणारे चंद्रग्रहण त्याच्या नगरातून दिसणारच नव्हते, म्हणून त्याचे भयही नव्हते.

भय मात्र खरे होते. चंद्रग्रहण हा राजाच्या मृत्यूचा संकेत मानला जाई. इ.स.पू. ६८१ ते ६६९ या काळात असिरियावर राज्य करणाऱ्या एसारहद्दोनच्या दरबारी असे अशुभ ग्रहण आले की दुसऱ्याच एका माणसाला सिंहासनावर बसवीत, आणि खऱ्या राजाला पत्रांतून ‘शेतकरी’ म्हणून संबोधीत. ही व्यवस्था जास्तीत जास्त शंभर दिवस चाले आणि शेवटी त्या बदली राजाला ठार मारले जाई. संकट टळले असे मग जाहीर होई. आकाशाविषयीचे भाकीत आणि माणसाच्या नशिबाविषयीचे भाकीत एकाच माणसाच्या तोंडून येत होते, तरी दोन्हींची जात वेगळी होती. ग्रहणाचा अंदाज दर वेळी पाटीवरच्या प्रत्यक्ष नोंदीशी ताडला जाई आणि चुकला तर सुधारला जाई, म्हणून तो शतकामागून शतक नेमका होत गेला. राजाच्या मृत्यूचा अंदाज असा कधीच ताडला गेला नाही, कारण उपाय केल्यामुळे तो टळला असे म्हणण्याची सोय नेहमीच होती. ग्रहण आधी सांगता येते हे कळल्यावरही त्यातील भीती गेली नाही, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारे वाटते.

इ.स.पू. चौथ्या शतकानंतर हे काम केवळ जुन्या नोंदींवर अवलंबून राहिले नाही. सूर्य वर्षभर सारख्या वेगाने सरकत नाही, चंद्राचा वेगही घटतो आणि वाढतो; ही चढउतार ठरावीक प्रमाणात वाढणाऱ्या आणि मग घटणाऱ्या आकड्यांच्या रांगांनी मांडून प्रत्येक पौर्णिमेची आणि अमावास्येची वेळ काढली जाऊ लागली. त्यांत चांद्रमासाचा जो सरासरी काळ वापरला आहे, तो आजच्या मोजमापापेक्षा अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेगळा आहे. हा काटेकोरपणा उपकरणांतून आलेला नाही. शेकडो वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणे घेतली, मधले महिने मोजले आणि एकूण काळाला त्यांनी भागले, की निरीक्षणातील तासाभराची चूकसुद्धा हजारो महिन्यांत वाटली जाऊन नगण्य होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमी या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने चंद्राची गती ठरवताना इ.स.पू. ७२१ मधील बॅबिलोनच्या ग्रहणाची नोंद वापरली, ती याच कारणासाठी.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. धूमकेतूचे आगमन त्यांना सांगता येत नव्हते. इ.स.पू. १६४ आणि इ.स.पू. ८७ मध्ये त्यांनी जो धूमकेतू नोंदवला तो एकच, हॅलेचा, होता. पण ७७ वर्षांच्या अंतराने आलेला तोच पाहुणा आहे हे ओळखायला कक्षेची कल्पना लागते, आणि ते १७०५ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलेच्या हातून व्हायचे होते. सूर्यग्रहणाच्या बाबतीत ते केवळ ‘संभव आहे, लक्ष ठेवा’ एवढेच सांगू शकत. चंद्रग्रहण ज्या ज्या ठिकाणी चंद्र क्षितिजाच्या वर असेल तेथून दिसते. खग्रास सूर्यग्रहणात मात्र चंद्राची सावली पृथ्वीवर शे-दोनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातूनच सरकते, आणि एकाच गावी असा योग सरासरीने साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाने येतो. एका नगरात बसून एवढ्या विरळ घटनेचे चक्र पकडणे शक्य नव्हते. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून असा पट्टा गेला होता. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि जेऊर येथे पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगांववाला दुर्बिणी घेऊन गेले होते. त्याच मालिकेत, तीन तीन चक्रांच्या अंतराने, २५ फेब्रुवारी १९५२ चे ग्रहण खार्टूमवरून आणि २९ मार्च २००६ चे तुर्कस्तानावरून गेले. ८ एप्रिल २०२४ रोजी मेक्सिको आणि अमेरिकेत लाखो लोकांनी पाहिलेले ग्रहणही याच मालिकेतले, १८९८ नंतरचे सातवे. चक्राने तारीख मिळते, पण सावली कोणत्या गावावर पडेल हे मिळत नाही.

ते मिळवायला पृथ्वी गोल आहे, चंद्र जवळ आहे आणि निरीक्षकाची जागा बदलली की तो वेगळ्या ठिकाणी दिसतो, हे भूमितीने मांडावे लागते. ग्रीकांनी ते मांडले, आणि भारतात इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने ग्रहणे सावल्यांमुळे होतात हे सांगून त्यांचे गणित दिले. सिद्धांतग्रंथांत ‘लंबन’ या नावाने येणारी दुरुस्ती ती हीच, आणि तिच्यामुळे पंचांगकर्त्याला आपल्या गावापुरते सूर्यग्रहण सांगता येऊ लागले. जुनी चक्रे मात्र टाकून दिली गेली नाहीत. चंद्राच्या जवळ-दूर होण्याच्या ९ फेऱ्या २४८ दिवसांत होतात, हा संबंध बॅबिलोनच्या पाट्यांत आहे, आणि तोच दक्षिण भारतात वररुचीच्या नावाने चालत आलेल्या २४८ वाक्यांत आहे. प्रत्येक वाक्याच्या अक्षरांत त्या त्या दिवसाची चंद्राची जागा गुंफलेली असे. १८२५ साली पाँडिचेरीत जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याला एक तमिळ पंचांगकर्ता भेटला. सिद्धांतातील उपपत्ती त्याला ठाऊक नव्हती. त्याने जमिनीवर कवड्या मांडल्या, पाठ असलेल्या वाक्यांतून आकडे काढले आणि त्या वर्षीच्या चंद्रग्रहणाचे गणित करून दाखवले. स्पर्शाची वेळ सुमारे ४ मिनिटांनी चुकली, मध्याची २३ मिनिटांनी आणि मोक्षाची ५२ मिनिटांनी.

अशा चुका साचत जातात, आणि त्यांचा उपाय पुन्हा आकाशाकडे पाहणे हाच असतो. कोकणात समुद्रकिनारी नांदगाव येथे राहणाऱ्या गणेश दैवज्ञांनी इ.स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले, तेव्हा त्यांनी कोणत्याही एका परंपरेचे आकडे जसेच्या तसे घेतले नाहीत. वेधाशी, म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणाशी, काय जुळते ते पाहून त्यांनी सूर्य सौरपक्षाचा, म्हणजे सूर्यसिद्धांताच्या परंपरेचा, घेतला. चंद्रही त्याच पक्षाचा, पण ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेचे. शनीही आर्यपक्षाचा, पण ५ अंश वाढवून. हे सारे त्यांनी ग्रंथातच सांगून ठेवले आहे, आणि पंचांगकर्त्याला ज्या-कोटिज्यांच्या (साइन-कोसाइनच्या) किचकट आकडेमोडीत पडावे लागू नये म्हणून ११ वर्षांच्या, ४०१६ दिवसांच्या, चक्रावर सगळा हिशेब बेतला आहे. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे तीन शतकांहून अधिक काळ मुख्यतः याच ग्रंथावरून होत राहिली. तेवढ्या काळात त्यांतील आकडेही आकाशापासून सरकले, म्हणून १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपातील नव्या वेधांवर आधारलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली.